फाट्यावरची टवाळखोरी : कायदा काय सांगतो आणि गावाच्या हातात काय आहे

पाली (ता. बीड) : शाळा सुटायची वेळ झाली की माझा फोन वाजायला लागतो. "पत्रकार, ती पोरं परत थांब्यावर बसल्यात, जरा बातमी लावा." कधी एखाद्या मुलीचा बाप असतो, कधी किराणा दुकानदार, कधी रस्त्याच्या कडेला घर असलेली म्हातारी. तक्रारी त्याच त्या असतात. पोरं शिट्ट्या मारतात, बुलेटचे फटाके वाजवतात, गुटख्याच्या पिचकाऱ्या मारतात, हटकलं तर उलट उत्तर देतात. धुळे-सोलापूर हायवेवर असलेल्या आपल्यासारख्या गावात हे जरा जास्तच. हायवे म्हटलं की धाबे आले, टपऱ्या आल्या, रात्री उशिरापर्यंत उजेड आला. पावसाळ्यात बिंदुसरा धरण भरलं की तिकडं जाणाऱ्या गाड्यांची वेगळीच जत्रा.

बातमी लावा म्हणणाऱ्यांना मी आता पहिल्यासारखा लगेच हो म्हणत नाही. त्याचं कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक व्हिडिओ काढला होता. थांब्यावर सात पोरं होती, चेहरे स्पष्ट दिसत होते. वर "हीच ती टवाळखोर टोळी" असं लिहून गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. तासाभरात आजूबाजूच्या गावात फिरला. लोकांनी पाठ थोपटली. चार दिवसांनी कळलं की सातातला एक जण त्यांच्यातला नव्हताच. दळणाचा डबा घेऊन रिक्षाची वाट बघत उभा होता. दहावीचं पोरगं, आई-बाप कारखान्यावर ऊसतोडीला, घरी फक्त आजी. शाळेत पोरं त्याला "टोळीवाला" म्हणायला लागली. महिन्याभरानं तो शाळा सोडून आई-बापाकडं फडावर गेला. दहावीची परीक्षा राहिलीच. मी आजीकडं जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "आता काय उपयोग?" शिट्ट्या मारणारी खरी चार पोरं मात्र आठ दिवसांनी पुन्हा तिथंच बसलेली.

मी जे केलं ते कायद्यात बसत नव्हतं, हे मला नंतर कळलं. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार, कायद्याच्या कचाट्यात आलेल्या अठरा वर्षांच्या आतल्या मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापता किंवा दाखवता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या पोरांना पोलिसांनी अजून हातही लावला नव्हता, म्हणून कलम तंतोतंत लागलं असतं की नाही ते वकिलांनी ठरवावं. पण त्या पोराची शाळा सुटली ती सुटलीच. हा लेख त्यासाठीच लिहितोय, की दुसऱ्या कुणी तसं करू नये, आणि "मग करायचं तरी काय?" याचं उत्तरही मिळावं.

नुसतं बसणं हा गुन्हा नाही

ही गोष्ट आधी डोक्यात घ्या. पारावर, थांब्यावर, देवळाच्या ओट्यावर चार पोरं बसली, हसली, मोबाईल बघत बसली, तर कायद्यानं त्यांना कुणी उठवू शकत नाही. गावात त्यांना दुसरी जागाही नसते. म्हातारी माणसं पारावर दिवसभर बसलेली चालतात, पण पोरं बसली की डोळ्यावर येतात, हेही खरं. तक्रार पोरांच्या बसण्याची नको, वागण्याची हवी. "तिथं पोरं बसतात" असं ठाण्यात सांगून काही होत नाही. कोण, कधी, काय करतं ते सांगावं लागतं.

काय केलं की गुन्हा होतो, ते आता बघू.

सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन करणं, शांतता भंग होईल अशी शिवीगाळ करणं, धमकावणं यासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमं ११० आणि ११२ आहेत, दंड कलम ११७ खाली होतो. पोलीस "११०-११७ ची कारवाई केली" म्हणतात ती हीच. कारवाई छोटी आहे, पण नोंद होते.

मुलींच्या बाबतीत कायदा कडक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळं जुनी ३५४, ५०९ ही कलमं आता नवीन नंबरानं ओळखायची. बाईमाणसाला उद्देशून घाणेरडे शब्द, आवाज, हातवारे केले तर कलम ७९, तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड. पाठलाग करणं, नको म्हणत असताना वारंवार संपर्क साधणं, मोबाईलवरून पाळत ठेवणं हे कलम ७८, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा केलं तर पाच वर्षांपर्यंत. अंगाला हात लावला तर कलम ७४, एक ते पाच वर्षं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो कायदा २०१२ लागतो. लैंगिक हेतूनं सतत मागं मागं फिरणं, तसे इशारे करणं हेही त्यात छळ म्हणून धरलंय. आणि पोक्सोतली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. असा गुन्हा झाल्याचं समजूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. "गावातल्या गावात मिटवून टाकू" असं म्हणणारा मोठा माणूसही त्यात अडकू शकतो.

मुलींच्या छेडछाडीचं मी एवढं लांबण का लावतोय? आपल्या जिल्ह्यात त्याची किंमत वेगळीच मोजावी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभर महिलांमागं चाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. कारणं अनेक आहेत, ऊसतोड आहे, हुंडा आहे, गरिबी आहे. पण आई-बापांना विचारा, पहिलं वाक्य ऐकू येतं, "रस्ता चांगला नाही, पोरीला एकटीला कसं पाठवायचं?" वस्तीवरच्या एका नववीतल्या मुलीचं मी जवळून बघितलं. शाळा अडीच किलोमीटर. वाटेत पुलाच्या कठड्यावर चार पोरं बसायची. तिनं घरी सांगितलं. घरच्यांनी पोरांना काही विचारलं नाही, तिची शाळा बंद केली, आणि त्याच वैशाखात लग्न लावलं. त्या चार पोरांना आजही ठाऊक नसेल की आपल्या शिट्टीनं काय केलं.

गाडीचा विषय बापाच्या खिशाला लागतो

पोरांना पोलिसांचं भय कमी असतं. बापाला दंडाचं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ बघा. अठराच्या आतल्या पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. सोळा वर्षांच्या पोराला ५० सीसीच्या आतली बिनगिअरची गाडी लायसन काढून चालवता येते, पण तसली गाडी आपल्याकडं कुणाकडं आहे? दारात उभी असते ती स्प्लेंडर, नाहीतर बुलेट.

फटाके वाजवणारा सायलेन्सर हा गाडीत केलेला बेकायदा बदल आहे. कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आवाजाच्या प्रदूषणासाठी कलम १९० वेगळं. सायलेन्सर बदलून देणारे गॅरेजवाले लोकांच्या ओळखीचेच असतात, त्यांना गावानं एकदा समोर बसवून सांगितलं तरी अर्धा आवाज कमी होईल.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला पोर्शे गाडीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा सतरा वर्षांच्या पोराच्या बापाला आणि दारू देणाऱ्या बारवाल्यांना अटक झाली होती. ते मोठ्या लोकांचं प्रकरण म्हणून आपण टीव्हीवर बघितलं. कायदा मात्र तोच आहे, शेतकऱ्याच्या हिरो होंडालासुद्धा.

टपरीचंही तसंच. शाळेपासून शंभर यार्डाच्या आत, म्हणजे साधारण नव्वद मीटरच्या आत तंबाखू, सिगारेट विकायला २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं बंदी आहे. अठराच्या आतल्याला विकायला तर कुठंच परवानगी नाही. त्या कायद्यात दंड दोनशे रुपयांपर्यंतच, म्हणून टपरीवाले हसतात. त्यांना बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वाचून दाखवा. लहान मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूचा माल दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुटख्याला तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे (तरी पुड्या कुठून येतात हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त कुणी बोलत नाही).

आणि आता कोयता. आपल्याकडं कोयता हे पोटाचं हत्यार. टोळीत जोडप्यालासुद्धा "एक कोयता" म्हणतात. घराघरात तो असतो. पुण्यात २०२२-२३ च्या सुमारास "कोयता गँग" गाजली, त्यात कितीतरी पोरं अठराच्या आतली निघाली. तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांनाही कोयता हातात घेऊन रील काढायची हौस आली. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या घटनेनंतर जिल्ह्यातल्या पोलिसांनी हत्यारं मिरवणाऱ्या पोस्टवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. फडात ऊस तोडताना हातात कोयता असणं वेगळं, आणि थांब्यावर गाणं लावून तो फिरवत दहशत दाखवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात हत्यार कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि पुरावा पोरानं स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो. घरातल्या थोरल्यानं अशी रील दिसली तर त्याच दिवशी पोराला बसवून बोलावं.

पोरगं अठराच्या आतलं असेल तर

"त्याला आत टाका" असं लोक सहज म्हणतात. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पकडलं तर चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढं उभं करावं लागतं. किरकोळ प्रकारात तर एफआयआरही होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते, पोराच्या घरची परिस्थिती लिहून मंडळाकडं अहवाल जातो. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवेचं काम लावू शकतं, आई-बापाला दंड भरायला सांगू शकतं. सोळा ते अठरामधल्या पोरानं खून, बलात्कार यासारखा अतिगंभीर गुन्हा केला तरच त्याला मोठ्या माणसासारखं वागवायचं का, हा प्रश्न येतो.

काही जण म्हणतील, मग पोरांना मोकाटच सोडलं की. तसं नाही. डायरीतली नोंद, मंडळापुढची तारीख, बापाची बीडला चक्कर, दिवसाची मजुरी बुडणं हे सगळं घडतं. फक्त पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का बसत नाही. याच कायद्याच्या कलम २४ मुळं लहानपणीच्या चुकीपायी पुढं नोकरीला अपात्र ठरवता येत नाही. हे संरक्षण अठराव्या वाढदिवसाला संपतं. एकोणीस वर्षांच्या पोरावर छेडछाडीचा गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो पुढं येतो. थांब्यावरच्या पोरांपैकी निम्मी तरी भरतीची स्वप्नं बघत असतात. दंड, तुरुंग सांगण्यापेक्षा ही एक गोष्ट त्यांना जास्त लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

तक्रार करायची कशी

आधी वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, काय झालं, गाडीचा नंबर, कोण हजर होतं. पंधरा दिवसांची अशी नोंद घेऊन गेलात तर ठाण्यात कुणी हुसकावून लावत नाही. व्हिडिओ काढला असेल तर तो पोलिसांना द्या, ग्रुपवर टाकू नका.

पहिला माणूस पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं गावात काय चाललंय ते ठाण्याला कळवणं हे त्याचं कामच आहे. पोलीस पाटील नात्यातला निघाला, किंवा ज्या पोराची तक्रार तो त्याचाच पुतण्या निघाला (आपल्याकडं हे होतंच), तर सरळ ठाण्यात जा. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव विचारा. पोरांचा विषय त्यानं हाताळायचा असतो. जिल्ह्यात पोलिसांचं दामिनी पथक आहे. शाळेच्या वेळेत पथकाची फेरी हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या आणि ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर मागणी करा. तोंडी मागणी तोंडातच राहते.

त्याच क्षणी अडचण असेल तर ११२. लहान मुला-मुलीसाठी १०९८, महिलांसाठी १८१. ठाण्यानं "आमची हद्द नाही" म्हटलं तर झिरो एफआयआर सांगा. नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणतंही ठाणं नोंद घ्यायला बांधील आहे. तरीही नाहीच घेतली तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

मुलगी घरी बोलत नसेल तर शाळेत सखी सावित्री समिती असते. २०२२ च्या शासन निर्णयानं ती प्रत्येक शाळेत करायची आहे, तक्रारपेटीही ठेवायची आहे. आपल्या शाळेत ती पेटी आहे का आणि शेवटची कधी उघडली होती, एवढं पुढच्या पालक सभेत विचारून बघा. आणि पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर आगार व्यवस्थापकाला ग्रामसभेचा ठराव द्या. मुली थांब्यावर तासभर ताटकळत उभ्या राहतात तोच खरा त्रासाचा तास असतो.

हे करू नका

पोराला खांबाला बांधणं, टक्कल करणं, गावातून धिंड काढणं. राग आलेला असतो हे मान्य, पण मारहाण आणि डांबून ठेवणं हे तुमच्यावरचे गुन्हे होतात, आणि टवाळखोराची केस बाजूला राहून तुमचीच सुरू होते. पोरगं दुसऱ्या जातीचं असेल तर दोन दिवसांत विषय शिट्टीचा राहत नाही, दोन समाजांचा होतो. आपल्या जिल्ह्यात सध्या त्याला वेळ लागत नाही. म्हणून बोलायला जाताना पोराच्याच भावकीतला, त्याच्याच गल्लीतला एखादा शहाणा माणूस पुढं घाला.

घराला वाळीत टाकणं, पाणी, किराणा, दळण बंद करणं हेही नको. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या २०१६ च्या राज्याच्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुसऱ्या गावांनी काय केलं

आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातलं सौंदाळा, ता. नेवासा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं आई-बहिणीवरून शिवी दिली तर पाचशे रुपये दंड असा ठराव केला. संध्याकाळी सात ते नऊ शाळकरी पोरांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, हेही ठरवलं. मला यातली आवडलेली गोष्ट म्हणजे शिवीचा नियम पोरांपुरता नाही, थोरल्यांनाही आहे. पारावरचे आजोबा तोंड उघडलं की शिवी देतात आणि पोरांना संस्कार शिकवायला निघतात, असं आपल्याकडं चालतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला (ता. कडेगाव) २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, पोरांचा अभ्यास. कोरोनानंतर पोरं मोबाईलला चिकटली होती, त्यातून हे निघालं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं अठराच्या आतल्यांना मोबाईलच बंद असा ठराव केला, दोनशे रुपये दंडासह. माझं मत विचाराल तर वडगावचं सोपं आणि टिकाऊ. त्यात घरचे सगळेच टीव्ही बंद करून बसतात. ग्रामसभेचा दंड गावाच्या एकीवर चालतो. एकानं "देत नाही, काय करायचं ते करा" म्हटलं की वसुलीला दम लागतो.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हा गावोगाव समित्या झाल्या. बक्षिसाचे फलक अजून कमानीजवळ गंजत उभे आहेत. ती समिती पुन्हा बसवली तरी पोरांच्या बापांना बोलवायला एक जागा होते. ठाण्यात बोलावलं तर बाप ताठ होतो. समितीत चहा पिता पिता ऐकून घेतो.

बाहेर देशांत वेगळेच प्रयोग झालेत. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २००५ च्या सुमारास हॉवर्ड स्टेपलटन नावाच्या माणसानं एक यंत्र काढलं. त्याचा बारीक कर्कश आवाज साधारण पंचविशीच्या आतल्यांनाच ऐकू येतो, थोरल्यांना नाही. दुकानासमोरून पोरं हाकलायला लोकांनी ते बसवलं. पण तो आवाज रस्त्यानं जाणाऱ्या चांगल्या पोरांना, आईच्या कडेवरच्या तान्ह्यालाही ऐकू येतो, म्हणून तिथं विरोधही झाला. आणि पोरं दुकानासमोरून उठून पुढच्या गल्लीत जाऊन बसणार, दुसरं काय? शेताच्या बांधावर फटाके फोडून रानडुकरं हाकलतो तसंच हे, ती शेजाऱ्याच्या हरभऱ्यात जातात.

आइसलँड नावाचा छोटा थंड देश आहे. तिथं १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या शंभर पोरांपैकी ४२ जणांनी महिनाभरात दारू पिऊन झिंगल्याचं पाहणीत सांगितलं होतं. २०१६ पर्यंत तो आकडा ५ वर आला. त्यांनी काय केलं? तेरा ते सोळा वयाच्या पोरांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर थोरल्यांशिवाय बाहेर राहायचं नाही असा कायदा, आई-बाप आळीपाळीनं रात्री गल्लीत चक्कर मारणार, आणि सगळ्यात मोठं म्हणजे खेळ, संगीत यासाठी सरकारनं पैसा दिला. संध्याकाळी पोरांना जायला जागा केली. आपल्याकडं एवढा पैसा नाही, पण आई-बापांची चक्कर फुकट आहे.

पंचवीस गुंठे

इथं माझंच थोडं सांगतो. माझं हायवेच्या अलीकडं पंचवीस गुंठे मुरमाड रान पडीक होतं. गावातली पोरं पहाटे पाचला हायवेच्या कडेनं पळायची, शेजारून ट्रक सुसाट. मी दोघा-तिघांना म्हटलं, माझं रान साफ करून घ्या. पंचवीस गुंठे चौकोनी असलं तर कडेनं एक फेरी बरोबर दोनशे मीटरच्या आसपास भरते. पोलीस भरतीला पोरांना १६०० मीटर पळावं लागतं, म्हणजे आठ फेऱ्या. मुलींना ८००, चार फेऱ्या. पोरांनी दगड वेचले, चुना मारला, गोळाफेकीचं वर्तुळ आखलं. थांब्यावरची चारपैकी दोन पोरं यायला लागली. एक दोन आठवड्यांत परत थांब्यावर गेला. दुसरा अजून येतो, वेळ घ्यायला मोबाईल हातात घेऊन उभा राहतो आणि बारक्यांवर ओरडतो.

मुली मात्र येत नव्हत्या. मग वेळ वाटून दिली, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा फक्त मुलींना, सोबत अंगणवाडीच्या ताई. आता सहा जणी येतात. त्या वेळेत रानाच्या बांधावर एकही पोरगं थांबत नाही. पहाटेच्या पोरांनीच ते ठरवलंय, मी सांगितलं नव्हतं.

पडीक रान सगळ्यांकडं नसतं, हे मला कळतं. शाळेचं मैदान असतं. सुट्टीनंतर ते कुलूप लावून ठेवतात, कारण पोरं काचा फोडतात. मैदानाची किल्ली भरती करणाऱ्या पोरांपैकीच एकाकडं ग्रामपंचायतीच्या सहीनं द्यावी, असं माझं म्हणणं आहे. क्रीडांगण विकासासाठी आणि व्यायामशाळेसाठी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून अनुदान मिळतं, प्रस्ताव ग्रामपंचायतीनं पाठवायचा असतो. स्वनिधीतला दहा टक्के हिस्सा महिला-बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्यातून थांब्यावरचा एक दिवा आणि मुलींच्या वाटेवरचे दोन दिवे तरी लागतील.

दसऱ्याच्या आधी

आपल्याकडं या विषयाला हंगाम आहे. दसरा-दिवाळीला टोळ्या कारखान्यावर गेल्या की मार्च-एप्रिलपर्यंत गावात म्हातारी माणसं आणि पोरं उरतात. आजी-आजोबांचं चौदा वर्षांचं पोरगं ऐकत नाही. रात्री नऊला तो कुठं आहे हे विचारणारं घरात कुणी नसतं. मी ज्याचा व्हिडिओ काढला तो असाच होता.

त्यामुळं मुकादम उचल वाटायला लागला की ग्रामपंचायतीनं एक यादी करावी. कोणत्या घरातली लेकरं मागं राहणार, कुणाकडं राहणार, फोन कुणाचा लावायचा. ही यादी शाळेच्या हेडमास्तरांकडं आणि अंगणवाडीत ठेवा, ग्रुपवर नको. समग्र शिक्षातून हंगामी वसतिगृह मिळतं, लेकरं गावातच राहतात, शाळेत जेवण होतं. मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं जाते, आणि टोळ्या निघून गेल्यावर केलेल्या मागणीचा उपयोग होत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली, ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं मंजूर झाली. चौकशी समाजकल्याण कार्यालयात करायची. कारखान्याचं ओळखपत्र किंवा ग्रामसेवकाचा ऊसतोड कामगार असल्याचा दाखला जवळ असला तर काम लवकर होतं.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा असते, तिच्या आधी महिलांची सभा. बायका त्या सभेत बोलतात, मुख्य सभेत गप्प बसतात. म्हणून थांब्याचा विषय महिला सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घ्यायला लावा. आणि त्या सभेला थांब्यावरच्या पोरांपैकी दोघांना बोलवा. आई, चुलती, मावशी समोर बसलेल्या असताना पोरं काय सांगतात ते ऐकून घ्या. मागच्या खेपेला एकानं सांगितलं होतं, "थांब्यावर रेंज येती, घरी येत नाही." ग्रामपंचायतीच्या वायफायचा पासवर्ड त्यानंतर वाचनालयाच्या दारावर लिहिला गेला. सात ते साडेआठ आता दहा-बारा पोरं तिथं असतात.